मोबाईलमधील हेर : दुकानदार व कारागिरांसाठी आवश्यक माहिती

व्यापाऱ्याची रोजकीर्द, खतावणी आणि उधारीची वही पूर्वी तिजोरीत असे व तिजोरीची किल्ली कमरेला. मुनीमालाही सगळी पाने दाखवली जात नसत. आज ही सारी दफ्तरे मोबाईलमध्ये आली आहेत. सूत कोणत्या पेढीकडून काय भावाने घेतले, कोणाकडे किती बाकी आहे, कोणत्या गिऱ्हाइकाला किती सूट दिली, नव्या नमुन्यांचे फोटो, बँकेचा ओटीपी, जीएसटीचा ओटीपी, दुकानाच्या क्यूआर कोडवर जमा होणारी रक्कम, असे सर्व काही त्या एका यंत्रात असते. आणि हे यंत्र गल्ल्यावर उघडे टाकून आपण गोदामात माल काढायला जातो!

यात केवळ आपलेच नुकसान असते असे नाही. शिलाईकाम करणाऱ्याच्या फोनमध्ये गिऱ्हाइकांची मापे व फोटो असतात. घरी बसून जरीकाम करणाऱ्या भगिनींच्या फोनमध्ये दहा घरच्या बायकांचे नंबर असतात. दलालाच्या फोनमध्ये दोन्ही पार्ट्यांचा भाव असतो. ही दुसऱ्यांची अमानत आहे. म्हणून मोबाईलमधील हेरगिरी म्हणजे नेमके काय, ती कोणत्या वाटेने येते आणि साध्या दुकानदाराने तिच्यापासून कसे वाचावे, याचा थोडा अभ्यास करणे आम्हाला आवश्यक वाटते.

वाटेत ऐकणारा आणि घरात बसलेला

'फोन हॅक झाला' हा शब्द आजकाल कशालाही लावला जातो. त्यामुळे भीती वाढते, पण समज वाढत नाही. चोरून ऐकण्याचे मुळात दोन प्रकार आहेत. एक जण आपले बोलणे वाटेत ऐकतो, तर दुसरा आपल्या फोनच्या आत शिरून बसतो.

पहिला प्रकार जुना आहे. ट्रंक कॉलच्या काळात एक्स्चेंजमधील ऑपरेटरने मनात आणले तर तो संभाषण ऐकू शके. एकाच लाईनवर दुकानात व घरी असे दोन फोन जोडलेले असले की वरच्या मजल्यावर रिसीव्हर उचलणाऱ्याला खालचा सौदा ऐकू येई. ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे तत्कालीन मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी केंद्रीय दळणवळण मंत्री सुखराम यांच्याशी बोलून भारतात मोबाईल सेवेचा प्रारंभ केला, आणि पुढे बोलणे तारेऐवजी हवेतून जाऊ लागले. हवेतील बोलणे कोणीही पकडू नये म्हणून फोन व टॉवर यांच्यामध्ये ते सांकेतिक लिपीत बदलले जाते. मात्र टू-जी पद्धतीतील हे कुलूप कच्चे निघाले. २००९ च्या अखेरीस कार्स्टन नोल या जर्मन संशोधकाने बर्लिन येथील परिषदेत ते कसे उघडता येते हे जाहीरपणे मांडले. खोटा टॉवर उभारून आसपासचे फोन आपल्याकडे ओढून घेणारी यंत्रेही असतात आणि तीही टू-जीच्याच कच्चेपणाचा फायदा घेतात. फोर-जी व फाईव्ह-जीचे कुलूप पुष्कळ पक्के आहे. अँड्रॉइड १२ व त्यापुढील काही फोनमध्ये सिमच्या सेटिंगमध्ये टू-जी बंद करण्याची सोय दिलेली आहे. आपल्या गावी फोर-जीची रेंज चांगली असेल तर ती वापरण्यास हरकत नाही.

सरकारी यंत्रणेने फोन ऐकण्याचा विषय वेगळा आहे. त्याला पूर्वी १८८५ च्या तार कायद्याचा आधार होता व आता २०२३ च्या दूरसंचार कायद्याचा आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली दिलेल्या निकालात असा आदेश गृहसचिवाच्या पातळीवरूनच निघाला पाहिजे, असे बंधन घातले. तो कायद्याचा प्रश्न असून फोनमधील एखादे बटण दाबून सुटणारा नाही. त्यामुळे येथे आम्ही त्याच्या खोलात जात नाही.

व्हॉट्सअ‍ॅपने एप्रिल २०१६ मध्ये आपले सर्व संदेश व कॉल दोन्ही टोकांना कुलूपबंद केले. पाठवणाऱ्याच्या फोनमध्ये कुलूप लागते आणि ते घेणाऱ्याच्याच फोनमध्ये उघडते. वाटेत कोणी पकडले तर त्याच्या हाती निरर्थक अक्षरे लागतात. परिणामी चोराने वाट सोडली आणि तो टोकाला येऊन बसला. जो संदेश आपण वाचू शकतो तो आपल्या फोनमध्ये बसलेलाही वाचू शकतो. त्याला कुलूप तोडावेच लागत नाही, कारण ते आपणच उघडतो. ही गोष्ट नीट ध्यानात आली तर पुढील सर्व उपाय सोपे वाटतील.

पेगासस आणि आपण

स्पायवेअर, म्हणजे हेरगिरीचे सॉफ्टवेअर, म्हटले की पेगाससचे नाव घेतले जाते. इस्रायलमधील एनएसओ ग्रुप या कंपनीचे हे उत्पादन. ऑगस्ट २०१६ मध्ये संयुक्त अरब अमिरातीतील मानवी हक्क कार्यकर्ते अहमद मन्सूर यांना एक एसएमएस आला. तुरुंगातील छळाची नवी माहिती हवी असल्यास सोबतची लिंक दाबा, अशा अर्थाचा तो मजकूर होता. त्यांनी लिंक दाबली नाही व तो संदेश टोरंटो विद्यापीठातील सिटिझन लॅब या संस्थेकडे तपासणीस पाठवला. त्यातून पेगासस उजेडात आले आणि अ‍ॅपल कंपनीला आयफोनमधील तीन दोष घाईने दुरुस्त करावे लागले. न दाबलेल्या एका लिंकने जगभरचे आयफोन सुधारले, असे म्हटले तरी चालेल.

२०१९ मध्ये प्रकरण आणखी पुढे गेले. व्हॉट्सअ‍ॅपवर नुसता कॉल येई. तो उचलला नाही तरी फोनमध्ये हेर शिरे. असे सुमारे १,४०० फोन लक्ष्य केले गेल्याचे व्हॉट्सअ‍ॅपने सांगितले व ऑक्टोबर २०१९ मध्ये अमेरिकेतील न्यायालयात दावा लावला. डिसेंबर २०२४ मध्ये त्या न्यायालयाने एनएसओला जबाबदार धरले. दरम्यान जुलै २०२१ मध्ये भारतातील पत्रकार, कार्यकर्ते व राजकारणी यांच्या नंबरांचा विषय गाजला. ऑक्टोबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवृत्त न्यायमूर्ती आर. व्ही. रवींद्रन यांच्या देखरेखीखाली तांत्रिक समिती नेमली. ऑगस्ट २०२२ मध्ये समितीचे म्हणणे न्यायालयासमोर आले. तपासलेल्या २९ फोनपैकी ५ मध्ये घातक सॉफ्टवेअर सापडले, परंतु ते पेगाससच होते असे निश्चित सांगता आले नाही.

हे हत्यार फार महाग आहे आणि आपण ते फक्त सरकारांनाच विकतो, असे कंपनी सांगत आली आहे. किराणा दुकानदाराचा भाव जाणून घेण्यासाठी ते कोणी वापरणार नाही. परंतु या प्रकरणातून व्यापाऱ्याने दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. पहिली म्हणजे, दरवेळी दोष सापडला तेव्हा कंपनीने अपडेट काढले, आणि ज्याने ते घेतले नाही त्याचे दार उघडेच राहिले. आपल्याकडे 'अपडेट केले की फोन हळू चालतो' असे म्हणून ते टाळण्याची रीत पडली आहे. हे चुकीचे आहे. सेटिंगमध्ये फोनविषयीच्या माहितीत शेवटचे सुरक्षा अपडेट कोणत्या तारखेचे आहे ते लिहिलेले असते. ती तारीख दोन-तीन वर्षांपूर्वीची असेल आणि नवे अपडेट येतच नसेल, तर तो फोन मुलांना गोष्टी ऐकायला द्यावा. बँकेचा व्यवहार त्यावर ठेवू नये. दुसरी गोष्ट अगदी फुकटची आहे. आठवड्यातून एकदा फोन पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करावा. काही हेर केवळ फोनच्या तात्पुरत्या स्मृतीत राहतात व फोन बंद होताच पुसले जातात. अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेनेही २०२० साली हाच सल्ला दिला आहे.

आपल्याच हाताने आत घेतलेला पाहुणा

आता मुख्य विषयाकडे वळू. सर्वसामान्य व्यापाऱ्याच्या फोनमध्ये हेर येतो तो बहुधा त्याच्याच परवानगीने.

समजा, मालेगावातील एका यंत्रमागवाल्याचा माल वाहणारा टेम्पो आहे. त्याच्या व्हॉट्सअ‍ॅपवर संदेश येतो, 'आपल्या वाहनाचे ई-चलान निघाले आहे, तपशील पाहा,' आणि सोबत एक फाईल. कधी ही फाईल लग्नाची पत्रिका म्हणून येते, कधी शेतकरी योजनेची यादी म्हणून, तर कधी वीजबिलाची नोटीस म्हणून. फाईलच्या नावाच्या शेवटी 'एपीके' अशी तीन इंग्रजी अक्षरे असतात. ही अक्षरे असतील तर ती फाईल पत्रिकाही नव्हे आणि चलानही नव्हे. ते अ‍ॅप आहे. पत्रिका फोटो किंवा पीडीएफ म्हणून येते. तिला फोनमध्ये 'इन्स्टॉल' व्हावे लागत नाही.

यातील कावा असा की संदेश अनोळखी नंबरावरूनच येतो असे नाही. तो आपल्या आडत्याकडून, भाच्याकडून किंवा मोहल्ल्याच्या ग्रुपवरूनही येतो. कारण त्यांचा फोन आधीच चोराच्या ताब्यात गेलेला असतो व तेथून तो सर्वांना जातो. 'नंबर तर ओळखीचा होता' हा युक्तिवाद म्हणूनच उपयोगाचा नाही.

फाईल दाबली की फोन स्वतःच हटकतो. हे अ‍ॅप अनोळखी ठिकाणाहून आलेले आहे, घ्यायचे का, असे तो विचारतो. हा चौकीदार आहे. आपण त्याला बाजूला सारतो. मग अ‍ॅप एकेक परवानगी मागते. एसएमएस वाचण्याची परवानगी दिली की बँकेचा ओटीपी आपल्याआधी चोराला दिसतो. नोटिफिकेशन पाहण्याची परवानगी दिली की व्हॉट्सअ‍ॅपचे संदेशही वरच्या पट्टीतून वाचले जातात. आणि अ‍ॅक्सेसिबिलिटीची परवानगी दिली की घराची किल्लीच दिली. ही सोय मुळात अंध व अपंग बांधवांसाठी आहे. पडद्यावरचे अक्षर वाचून दाखवणे, त्यांच्या वतीने बटण दाबणे, हे तिचे काम. तीच सोय चोराच्या अ‍ॅपला मिळाली तर ते पडद्यावरचे सर्व वाचते आणि आपल्या वतीने बटणेही दाबते. अँड्रॉइड १३ पासून बाहेरून आलेल्या अ‍ॅपला ही परवानगी सहजासहजी मिळू नये असा अडसर घातला आहे. म्हणून चोर आता तो अडसर कसा काढायचा हेही पडद्यावर समजावून सांगतो! एवढे सगळे झाल्यावर अ‍ॅपचे चित्र पडद्यावरून नाहीसे होते. यंत्रमागवाल्याला वाटते फाईल उघडलीच नाही. रात्री तो झोपलेला असताना खात्यातून रक्कम निघते.

उपाय एकच व तो सोपा आहे. अ‍ॅप घ्यायचे तर प्ले स्टोअर किंवा अ‍ॅपलच्या स्टोअरमधूनच घ्यावे. तेथेही नकली मिळत नाही असे नाही, पण तेथे निदान तपासणी होते. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेले अ‍ॅप कोणत्याही कारणाने घेऊ नये. चलानाची शंका असेल तर परिवहन खात्याच्या ई-चलान संकेतस्थळावर आपण होऊन गाडीचा क्रमांक टाकून पाहावे. प्ले स्टोअरमध्ये 'प्ले प्रोटेक्ट' नावाची तपासणी असते, ती सुरू आहे ना हे बघावे. ती बंद करा असे कोणी सांगितले, तर सांगणारा चोर आहे असे समजण्यास हरकत नाही.

याचाच भाऊ म्हणजे पडदा दाखवणारे अ‍ॅप. एनीडेस्क किंवा टीमव्ह्यूअर ही अ‍ॅप मुळात वाईट नाहीत. संगणक दुरुस्त करणारे ती रोज वापरतात. पण 'बँकेतून बोलतोय, केवायसी अडकली आहे, हे अ‍ॅप घ्या आणि नंबर सांगा' असे म्हणणाऱ्याला तो नऊ-दहा आकडी नंबर सांगितला की आपला पडदा त्याच्यासमोर उघडा होतो. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच एनीडेस्कच्या या गैरवापराविषयी बँकांना सावध केले होते. आता व्हॉट्सअ‍ॅपच्या व्हिडिओ कॉलमध्येही पडदा दाखवण्याची सोय आहे, त्यामुळे चोराला वेगळे अ‍ॅप घ्यायला सांगण्याचीही गरज उरलेली नाही.

भाव फुटतो तो कोठून?

पैशाच्या चोरीची बातमी होते, पण व्यापारातील दुसरी चोरी चुपचाप होत राहते. आपण गिऱ्हाइकाला सकाळी भाव सांगितला आणि दुपारी शेजारच्या पेढीने त्याच मालाला मीटरमागे पन्नास पैसे कमी लावले, असे वारंवार घडू लागले की मालक नोकरांवर संशय घेतो, दलालाशी भांडतो. त्याआधी त्याने आपल्या व्हॉट्सअ‍ॅपमधील 'लिंक्ड डिव्हायसेस' म्हणजे जोडलेली उपकरणे उघडून पाहावीत. दुकानाच्या संगणकावर बिले पाठवण्यासाठी कोणीतरी केव्हातरी व्हॉट्सअ‍ॅप जोडलेले असते. तो मुलगा नोकरी सोडून गेला, संगणक विकला गेला, पण जोडणी तशीच आहे. आपला फोन बंद असला तरी जोडलेल्या उपकरणावर संदेश येत राहतात. मुख्य फोनशिवाय आणखी चार उपकरणे अशी जोडता येतात. यादीत प्रत्येक उपकरण शेवटचे केव्हा वापरले गेले ते दिसते. ओळखीचे नसेल ते तेथल्या तेथे काढून टाकावे. यात हॅकिंग नाही, सॉफ्टवेअर नाही, खर्चही नाही. फोन अर्धा मिनिट दुसऱ्याच्या हाती पडला की काम होते. क्यूआर न दाखवता आठ अक्षरी कोड टाकूनही जोडणी करता येते. तेव्हा कोणीही सांगितलेला कोड आपल्या व्हॉट्सअ‍ॅपमध्ये टाकू नये.

आमच्या मते महिन्याच्या हिशोबाला बसतो त्याच दिवशी ही यादीही पाहण्याची सवय ठेवावी. तसेच गुगल खाते कोणकोणत्या फोनमध्ये उघडे आहे ते पाहावे. जुना फोन विकताना नुसते फोटो पुसून भागत नाही. खाते काढून फोन मूळ स्थितीत आणला पाहिजे.

कॉल फॉरवर्डिंगचाही असाच प्रकार आहे. 'आपले पार्सल आले आहे, डिलिव्हरी बॉयशी बोलण्यासाठी हा नंबर लावा' असे सांगून स्टार व हॅश असलेला एखादा आकडा लावायला लावतात. तो लावताच आपले कॉल चोराच्या नंबरावर वळतात. बँकेचा किंवा व्हॉट्सअ‍ॅपचा ओटीपी फोन करून सांगितला जातो तेव्हा तो चोर ऐकतो. हे प्रकार वाढल्यामुळे दूरसंचार विभागाने १५ एप्रिल २०२४ पासून असा आकडा लावून कॉल वळवण्याची सेवा पुढील आदेशापर्यंत बंद ठेवण्यास कंपन्यांना सांगितले. तरीही फोनच्या कॉल सेटिंगमध्ये जाऊन 'कॉल फॉरवर्डिंग'मध्ये अनोळखी नंबर नाही ना, ते एकदा पाहून घ्यावे.

दुरुस्तीस दिलेला फोन

आमच्या वाचकांत मोबाईल दुरुस्त करणारे कारागीर पुष्कळ आहेत. त्यांना हा भाग विशेष उपयोगी आहे. काच बदलायला आलेल्या फोनचा पासवर्ड चिठ्ठीवर लिहून फोनच्या पाठीला चिकटवण्याची पद्धत सर्रास दिसते. गिऱ्हाईक निरुपायाने देतो, पण मनातून अस्वस्थ असतो. सॅमसंगने २०२२ पासून आपल्या अनेक फोनमध्ये 'मेंटेनन्स मोड' दिला आहे आणि गुगलच्या पिक्सेल फोनमध्येही 'रिपेअर मोड' आहे. तो सुरू केला की कारागिराला पडदा, स्पीकर, कॅमेरा तपासता येतो, पण फोटो, संदेश व खाती झाकलेली राहतात. गिऱ्हाइकासमोर हा मोड सुरू करून घ्यावा व पावतीवर तसे लिहावे. ज्या फोनमध्ये ही सोय नाही त्याची तपासणी शक्यतो गिऱ्हाइकाला समोर बसवूनच करावी. पासवर्ड न मागणारा कारागीर म्हणून नाव झाले तर शेजारच्या दुकानातील गिऱ्हाईकही त्याच्याकडे येईल.

गिऱ्हाइकाच्या बाजूने सांगायचे तर सिम व मेमरी कार्ड काढून घ्यावे, आणि फोन परत आल्यावर त्यात नवीन अ‍ॅप दिसते का हे पाहावे.

सार्वजनिक ठिकाणच्या चार्जिंगमधून हेर शिरतो, अशी भीती फार पसरलेली आहे. वायरीतून माहिती जाऊ शकते हे खरे, पण आजचे फोन वायर जोडताच माहिती द्यायची का हे विचारतात व आपण होकार दिल्याशिवाय देत नाहीत. प्रवासात स्वतःचा चार्जर बाळगावा, एवढे पुरे आहे. 'आपण बोललो आणि तशीच जाहिरात आली, म्हणजे फोन ऐकतो' हीदेखील घरोघरची तक्रार. अमेरिकेतील नॉर्थईस्टर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये १७ हजारांहून अधिक अँड्रॉइड अ‍ॅपची तपासणी प्रसिद्ध केली. गुपचूप माईक सुरू करून बोलणे बाहेर पाठवणारे एकही अ‍ॅप त्यांना सापडले नाही. मात्र काही अ‍ॅप पडद्याची चित्रे काढून बाहेर पाठवत असल्याचे आढळले. लोक माईकला भितात आणि पडद्याकडे दुर्लक्ष करतात.

ओळखावे कसे?

बॅटरी लवकर उतरते, फोन गरम होतो, ही लक्षणे सांगितली जातात. पण तीन वर्षांच्या जुन्या बॅटरीलाही हाच आजार असतो. त्यापेक्षा नेमक्या जागा पाहाव्यात. सेटिंगमध्ये अ‍ॅपची पूर्ण यादी उघडून अनोळखी नाव शोधावे. अ‍ॅक्सेसिबिलिटी, नोटिफिकेशन पाहण्याची परवानगी आणि 'डिव्हाईस अ‍ॅडमिन' या तीन ठिकाणी कोणती अ‍ॅप आहेत ते पाहावे. साध्या फोनमध्ये या याद्या जवळपास रिकाम्या असतात, त्यामुळे परके नाव लगेच डोळ्यांत भरते. कोणत्या अ‍ॅपने किती डेटा खर्च केला हेही दिसते. अँड्रॉइड १२ पासून कॅमेरा किंवा माईक चालू असेल तर पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात हिरवी खूण दिसते. आपण कॉलवर नसताना ती दिसली तर त्यावर बोट ठेवून कोणते अ‍ॅप आहे ते पाहावे.

येथे एक अप्रिय विषय काढणे भाग आहे. भागीदाराच्या, कामगाराच्या किंवा घरच्यांच्या फोनमध्ये त्यांना न सांगता हेरगिरीचे अ‍ॅप टाकून देणारे लोक बाजारात भेटतात व काही दुकानदार हौसेने पैसेही मोजतात. हा माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ व ६६ खाली गुन्हा होऊ शकतो. त्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. शिवाय असे अ‍ॅप गोळा केलेली माहिती तिसऱ्याच कोणाच्या यंत्रावर साठवते. कामगारावर लक्ष ठेवायचेच असेल तर त्याला दुकानाचा फोन द्यावा आणि त्यात काय पाहिले जाते ते तोंडावर सांगावे.

घात झाला तर

प्रथम मोबाईल डेटा व वायफाय बंद करावे, किंवा फोन एअरप्लेन मोडवर टाकावा. चोराचा दोर येथे तुटतो. मग दुसऱ्याच्या फोनवरून बँकेला कळवून खाते थांबवावे आणि १९३० या सायबर हेल्पलाईनवर तक्रार नोंदवावी. पैसे चोराच्या खात्यातून पुढे सरकण्याआधी तक्रार गेली तर रक्कम वाटेत अडवता येते. येथे तास मोजले जातात, दिवस नव्हे. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकात त्रयस्थाच्या दोषामुळे झालेल्या फसवणुकीत तीन कामकाजाच्या दिवसांत कळवणाऱ्या ग्राहकावर बोजा पडू नये असे म्हटले आहे. परंतु ग्राहकाच्याच निष्काळजीपणाने रक्कम गेली असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान त्याच्याच माथी येते. कळवल्यानंतरचे मात्र बँकेच्या. तेव्हा शरमेपोटी दोन दिवस गप्प बसणे फार महाग पडते.

घाईघाईने फोन पुसू नये. आलेला संदेश, नंबर, फाईलचे नाव व बँकेचे एसएमएस यांचे फोटो दुसऱ्या फोनने काढून ठेवावेत. तक्रार नोंदल्यावर फोन मूळ स्थितीत आणावा व सर्व पासवर्ड दुसऱ्या स्वच्छ फोनवरून बदलावेत. आपल्या यादीतील लोकांना, विशेषतः व्यापारी ग्रुपवर, लगेच कळवावे की माझ्या नंबरावरून आलेली फाईल उघडू नका. फोनच चोरीला गेला असेल तर दूरसंचार विभागाच्या संचार साथी संकेतस्थळावरून तो बंद करवता येतो आणि आपल्या नावावर किती सिम आहेत हेही तेथे दिसते. दुकानात बसल्या बसल्या अचानक सिमची रेंज गेली आणि शेजाऱ्याची शाबूत असेल, तर आपले सिम दुसऱ्याने काढून घेतले नाही ना, याची कंपनीकडे त्वरित चौकशी करावी.

यापुढची व्यवस्था प्रत्येकाने ऐपतीप्रमाणे करावी. गल्ल्यात आपण दिवसाची रोकड ठेवतो, सारी पुंजी नाही. तोच नियम खात्यालाही लावावा. क्यूआर कोड जोडलेल्या खात्यात रोजच्या उलाढालीपुरती रक्कम असावी. बचतीचे व मालाच्या मोठ्या देण्याघेण्याचे खाते वेगळे असावे, आणि त्याचे अ‍ॅप काउंटरवरच्या फोनमध्ये नसावे. जमल्यास त्या खात्याला जोडलेले सिम घरी ठेवलेल्या साध्या बटणाच्या फोनमध्ये घालावे. त्यात एपीके चालतच नाही. स्टार-हॅश-०६-हॅश लावल्यावर दिसणारा आयएमईआय क्रमांक, बँक शाखेचा नंबर, १९३० आणि घरच्या दोन माणसांचे नंबर रोजमेळाच्या पहिल्या पानावर शाईने लिहून ठेवावेत. कारण ऐन वेळी ते ज्या फोनमध्ये असतात, तोच फोन बंद करून बाजूला ठेवावा लागतो.